साफसफाईचे भाडे

"तुझं आजोळ गोव्याचं ना? मग तुला माहीत असेलच, तिकडे कुठे काय मिळतं ते!"

हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकतो आहे. कॉलेजात ऐकले, पहिल्या नोकरीत ऐकले आणि परवा, पन्नाशीकडे झुकल्यावर, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा ऐकले. 'काय' या शब्दावर किंचित जोर आणि एक डोळा बारीक. काजू, बेबिंका किंवा चोरीसबद्दल चौकशी नाही हे वेगळे सांगायला नको. विचारणारा गृहस्थ सज्जन आहे, दोन मुलींचा बाप आहे. घरच्या गणपतीला दरवर्षी आम्हाला जेवायला बोलावतो. यंदा शाळेच्या मित्रांबरोबर गोव्याला निघाला होता, आठ जण, एक मोठी गाडी, तीन दिवस.

मी नेहमीप्रमाणे हसून विषय बदलला. पण या वेळी ते हसू घशात अडकले. का अडकले ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. वाचून काही ओळखीचे लोक रागावतील, त्यात माझे नातेवाईकही असतील. रागावू देत.

उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरचे एक गाव. नाव देत नाही, कारण ज्यांना त्या पट्ट्यातली गावे ठाऊक आहेत त्यांना कुठलेही नाव घातले तरी चालेल. माझ्या लहानपणी तिथे आजीच्या घराच्या मागे माडांचे भाट होते, पुढे वाळूची वाट होती आणि सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा. आता भाटात तीन मजली इमारत आहे. खाली रेंट-अ-बाइकवाला आणि मोबाइलचे दुकान, वर सहा फ्लॅट. इमारत मामांनी बांधली, मामा गेले, आता मामेभाऊ बघतो. आजीच्या वाटणीत आईचाही हिस्सा आहे, त्यामुळे वर्षातून एकदा आईच्या खात्यात काही रक्कम जमा होते. आईला आता व्यवहार जमत नाहीत, म्हणून ते खाते मी सांभाळतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागे चवथीला गेलो होतो. माटोळीखाली बसून जेवणे झाली, आणि रविवारी मामेभाऊ म्हणाला, चल ग्रामसभेला, मजा येते. गेलो. कचरा झाला, रस्ता झाला, आणि मग तो विषय निघाला. मसाज पार्लर, डान्सबार, रस्त्यावर गाडी अडवून "सर, लेडीज?" विचारणारे दलाल, रात्री बारानंतर फ्लॅटखाली थांबणाऱ्या टॅक्सी. एक बाई उठल्या, शाळेत शिकवतात. म्हणाल्या, माझी मुलगी क्लासहून चालत येते तर पर्यटक तिला भाव विचारतात. सभागृहात शांतता पसरली. ती तक्रार खरी होती. त्या बाईंचा राग खरा होता. पुढचे सगळे लिहिताना मी ते विसरलेलो नाही, तुम्हीही विसरू नका.

मग मामेभाऊ उठला. माझा मामेभाऊ बोलायला चांगला आहे. "भायल्यांनी आमचो गांव इबाडलो" अशी सुरुवात करून त्याने पाच मिनिटे झोडपले. या बाहेरच्या बायका, या घाटी बायका, आमची संस्कृती, आमची मंदिरे, आमच्या मुलीबाळी. सगळ्यांना गावाबाहेर काढा! टाळ्या पडल्या. ठराव झाला.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठून काही बोललोही नाही. कारण आदल्याच दिवशी मला काही तरी कळले होते.

आदल्या दिवशी दुपारी मी इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी बघायला चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर एक बाई दारात उभी होती, तिशी-पस्तिशीची, हातात रिकामी कळशी. मी फोनवर मराठीत बोलत होतो ते ऐकून तिने विचारले, "दादा, तुम्ही पुण्याकडचे का?" ती लातूरकडची निघाली. मग म्हणाली, "तुम्ही घरमालकांपैकी आहात का? नळाचं तेवढं बघा ना. आठ दिवस झाले, वर पाणी चढत नाही. सांगितलं तर खाली करा म्हणतात."

बोलता बोलता भाडे कळले. त्याच मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये एका हॉटेलातले स्वयंपाकी राहतात. ते महिन्याला पंधरा हजार देतात, करार आहे, पावती आहे. ही आणि तिच्याबरोबरची दुसरी बाई मिळून देतात पस्तीस. करार नाही, पावती नाही, अनामत परत मिळेल याची खात्री नाही. शिवाय गिऱ्हाईक आणणाऱ्या टॅक्सीवाल्याचा वाटा वेगळा. तिची कहाणी मी विचारली नाही. गोव्यात कशी आलीस, घरी कोण आहे, मुले आहेत का, असले काही नाही. भाडेकरूची कहाणी ऐकण्याचा घरमालकाला हक्क नसतो, नळ दुरुस्त करण्याची जबाबदारी मात्र असते.

संध्याकाळी मामेभावाला विचारले तेव्हा तो जरासुद्धा गडबडला नाही. "अरे, रिस्क आहे ना! उद्या पोलीस आले तर इमारतीचं नाव खराब होणार कोणाचं? त्या रिस्कचे पैसे." आणि मग हसून, "तुका हांगाचें कितें कळटा?"

मंडळी, हे 'रिस्कचे पैसे' प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे अनेकांना वाटते की वेश्याव्यवसाय हा भारतात गुन्हा आहे. तसे सरसकट नाही. १९५६ चा जो अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा आहे, त्यात एखाद्या प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणे हाच मुळात गुन्हा धरलेला नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे, कोणाला या धंद्यात आणणे, कोणाला डांबून ठेवणे. देऊळ, शाळा, वसतिगृह, इस्पितळ अशा जागांच्या दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हाही गुन्हा, आणि तिथे गिऱ्हाईकसुद्धा आरोपी होतो. अशा ठिकाणचे हॉटेल असेल तर त्याचा परवाना तीन महिने ते वर्षभर स्थगित होऊ शकतो.

वाचायला ठीक वाटते ना? मग बारकावे बघा. 'कुंटणखाना' या शब्दाच्या व्याख्येत दोन किंवा अधिक बायकांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागाही येते. म्हणजे रात्री-अपरात्री एकटीला भीती वाटते म्हणून दोघींनी मिळून खोली घेतली, की झाला कुंटणखाना. उघड्यावर गिऱ्हाईक बोलावण्याचे कलम आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर कमीत कमी सात दिवस, पण जास्तीत जास्त तीन महिने. रस्त्यात गाडी अडवणारे ते दलाल आठवा आणि मग ही दोन कमाल मुदतींची तुलना करा.

आता हा कायदा गावात कसा उतरतो? घरमालकाला भीती आहे. भीतीची किंमत तो लावतो, ती म्हणजे ते वरचे वीस हजार. टॅक्सीवाल्यालाही भीती आहे, त्याची किंमत कमिशन. बारवाल्याला भीती आहे, त्याची किंमत वेगळी. आणि जिथे जिथे कोणी तरी डोळेझाक करायची असते, तिथे डोळे झाकण्याचीही किंमत असते. या सगळ्या किमती भरते कोण? लातूरची ती बाई. कायदा ज्यांना धाक दाखवायला केला, त्यांनी त्या धाकाचे दुकान मांडले आणि बिल तिच्या नावावर फाडले.

म्हणून ग्रामसभेत ठराव होतो तेव्हा मला त्यात संस्कृती दिसत नाही, भाडेवाढ दिसते. ठराव झाला की चार दिवस धाड पडते, वर्तमानपत्रात 'इतक्या युवतींची सुटका' अशी बातमी येते, मग सीझन सुरू होतो आणि रिस्क वाढली म्हणून पस्तीसचे चाळीस होतात. माझ्या मामेभावाने केलेले भाषण हे, तो कबूल करो वा ना करो, त्याच्या धंद्यातले सर्वात फायदेशीर काम होते.

हे नवीन नाही. गोव्याने हे मोठ्या प्रमाणावर एकदा करून पाहिले आहे.

लहानपणी श्रावणात आम्ही वास्कोला मावशीकडे दामोदर सप्ताहाला जायचो. रात्रभर भजन, दिंड्या, फेरीत खाजे आणि फुगे. आणि एक ताकीद: बायण्याच्या बाजूला फिरकायचे नाही. घरात त्या नावाचा उच्चारही होत नसे. मुरगाव बंदरात खनिज न्यायला बोटी येत, त्यांच्याबरोबर खलाशी येत, ट्रकवाले येत आणि बायण्याच्या किनाऱ्यावरची वस्ती त्यावर उभी होती. बायका बहुतेक कर्नाटक-आंध्रच्या, कितीतरी जणी देवदासी प्रथेतून आलेल्या. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथला व्यवसाय बंद करण्याचा आणि बायकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. जून २००४ मध्ये, ऐन पावसात, सरकारने बुलडोझर आणले आणि वस्ती पाडली. त्या वस्तीत राहणारे सगळेच त्या धंद्यातले नव्हते, पण बुलडोझर काही विचारत नाही.

आदेशात दोन गोष्टी होत्या. बुलडोझरची गोष्ट वेळेवर झाली. पुनर्वसनाची गोष्ट... जाऊ द्या.

मग काय झाले? धंदा संपला? तो पसरला. बायण्याला निदान पत्ता होता. तिथे एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थांना जाता येत होते. डॉक्टरला, मुलांच्या शाळेसाठी धडपडणाऱ्या कार्यकर्त्याला कुठे जायचे ते ठाऊक होते. 'अर्ज', म्हणजे अन्याय रहित जिंदगी, ही संस्था १९९७ पासून तिथे काम करत होती, आणि पुढे बायकांना दुसरे काम मिळावे म्हणून तिने 'स्विफ्ट वॉश' नावाची लाँड्री चालवली. (या संस्थेची भूमिका माझ्यासारखीच आहे असा दावा मी करत नाही. पण बुलडोझर गेल्यानंतर जे शिल्लक राहिले ते उचलायला कोण होते, हे सांगायला हवे.) वस्ती गेली आणि व्यवसाय लॉजमध्ये, फ्लॅटमध्ये, पार्लरमध्ये आणि मोबाइलमध्ये गेला. आज आमच्या गावाच्या ग्रामसभेत जे 'संकट' म्हणून उभे राहते, त्याचा एक तुकडा तेव्हाच्या ढिगाऱ्यातून आला आहे. वास्कोने केर काढला आणि शेजाऱ्याच्या दारात लोटला.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी फार हसू नये. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना आपण डान्सबार बंद केले. नैतिकतेचा केवढा जयघोष झाला होता! त्याच कायद्यात तीन आणि त्यावरील तारांकित हॉटेलांना सूट होती. म्हणजे नाच तोच, पण दारूचा दर वाढला की तो संस्कृतीला चालतो. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या मधल्या वर्षांत हजारो बायकांची रोजी गेली त्याचे काय झाले, हे विचारायला कुठली ग्रामसभा भरली नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळे मोकळे सोडायचे? शिक्षिका बाईंच्या मुलीने काय करायचे?

नाही. मोकळे सोडा असे मी म्हणत नाही. अल्पवयीन मुलगी असेल, फसवून किंवा विकून आणलेली बाई असेल, तर तिथे कसलीही चर्चा नको. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत मानवी तस्करीचा गुन्हा तर आहेच, पण तस्करी करून आणलेल्या व्यक्तीचा लैंगिक उपभोग घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. ती कलमे वापरा, जोरात वापरा. गाडी अडवणारा दलाल पकडा. मुलीला भाव विचारणाऱ्या पर्यटकाला छेडछाडीखाली आत टाका आणि त्याच्या गाडीचा नंबर चौकात लावा. ती शिक्षिका बाईंची खरी मागणी होती. तिचा अर्थ 'बायकांना हाकला' असा लावला तो टाळ्या वाजवणाऱ्यांनी.

आणि ज्या प्रौढ बायका हे काम करतात, त्यांच्याबद्दल न्यायालये आपल्यापेक्षा शहाणी निघाली आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडताना सांगितले की प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, तिला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येणार नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले: पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, त्यांच्यावर अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेसारखी मदत मिळावी, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये, धाडीच्या बातमीत त्यांची ओळख उघड करू नये. सांगलीत तर वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका १९९६ पासून स्वतः संघटित होऊन हेच सांगत आहेत. आम्हाला 'वाचवायला' येण्याआधी आम्हाला विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे.

विचारा म्हणजे काय, ते लातूरच्या बाईने मला सांगितलेच होते. नळाला पाणी हवे, पावती हवी आणि तक्रार केली तर घर खाली करायला लागू नये.

मी मामेभावाला रात्री तेच म्हटले. समोरच्या स्वयंपाक्यांकडून घेतोस तेवढेच भाडे घे, करार कर आणि नळ दुरुस्त कर. नाहीतर आईचा हिस्सा पाठवू नकोस. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "करार केला की कागद झाला. कागद झाला की कलम लागलं. तू पुण्याला बसणार, आत मी जाणार." यात त्याचे चुकले असे मला म्हणता आले नाही. दोघींचे नाव एका करारावर आले की व्याख्या पूर्ण होते, हे मी वर तुम्हाला सांगितलेच आहे. भल्या माणसाने न्याय्य भाडे घ्यायचे ठरवले तरी कायदा त्याला गुन्हेगार करतो, आणि लुबाडणाऱ्याला हातात कागद नसल्यामुळे वाचवतो. म्हणून मी म्हणतो की ती व्याख्या बदलली पाहिजे. लुबाडणूक हा गुन्हा असू दे, बरोबर राहणे हा नको. ग्रामसभेला ठरावच करायचा असेल तर हा करा, आणि आपल्या आमदार-खासदाराकडे पाठवा.

पण त्याने नळही दुरुस्त केला नाही. नळाला कुठले कलम लागत होते?

ठरावानंतर तीन आठवड्यांनी धाड पडली, आमच्या इमारतीत नाही, शेजारच्या. पण भीतीने त्या दोघी गेल्या. कुठे ते कोणाला माहीत नाही. अनामत परत दिली का, असे मी फोनवर विचारले तर मामेभाऊ म्हणाला, "त्यांनी नोटीस कुठे दिली होती?" आता त्या फ्लॅटमध्ये दिवसाच्या भाड्याने पर्यटक राहतात. कदाचित माझा सहकारी आणि त्याचे सात मित्रही राहून आले असतील. ते तिथे काय शोधत फिरले, हे ग्रामसभा कधी विचारणार नाही. कारण ते गिऱ्हाईक आहेत, ते 'भायले' नाहीत, ते 'टूरिझम' आहेत! डोळा बारीक करून विचारणारे आपणच, मुंबई-पुण्याहून गाड्या भरून जाणारे आपणच, आणि परत आल्यावर 'गोवा आता पूर्वीसारखा राहिला नाही हो' म्हणणारेही आपणच. मीही कॉलेजात असताना असल्या एका गाडीत होतो. मी काही केले नाही हे खरे, पण मी गाडीतून उतरलोही नव्हतो.

मार्चमध्ये आईच्या खात्यात वर्षाची रक्कम जमा झाली. हिशोब मागवला, तर त्यात त्या फ्लॅटचे सात महिन्यांचे पस्तीस-पस्तीस हजार धरलेले आहेत आणि परत न केलेली अनामतही. त्यातला आमचा चौथा हिस्सा मी बाजूला काढून ठेवला आहे. तो कोणाला द्यायचा ते कळत नाही, कारण जिला द्यायचा तिचे नावसुद्धा मी विचारले नव्हते.

असो. परवा सहकाऱ्याने पुन्हा तेच विचारले तर या वेळी मी विषय बदलणार नाही. पस्तीस हजार, पावती नाही, नळाला पाणी नाही, एवढे सांगणार आहे. मग तो हसतो का ते बघू.